‘शेमफेस्ड’मध्ये फेस कुठून आला? इंग्रजी जोडविशेषणाची व्युत्पत्ती शोधायची रीत

दहाबारा वर्षांपूर्वी एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करत होते. त्यात ‘स्कॉट-फ्री’ हा शब्द आला. अर्थ ठाऊक होता: गुन्हा करूनही शिक्षेविना सुटलेला, नामानिराळा. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण हौस दांडगी, म्हणून खाली तळटीप ठोकून दिली की स्कॉटलंडची माणसं चिकट, पैसे न देता सटकण्यात पटाईत, म्हणून ‘स्कॉट-फ्री’. हस्तलिखित परत आलं तेव्हा संपादकांनी पानाच्या समासात पेन्सिलीनं दोनच शब्द लिहिले होते: ‘विग्रह कोणाचा?’ समासाची चूक समासातच पकडली गेली. स्कॉटलंडचा त्या शब्दाशी काडीचाही संबंध नाही, हे त्याच संध्याकाळी कोश उघडल्यावर कळलं. तो किस्सा पुढे येईलच.

एखादं इंग्रजी जोडविशेषण पाहून ‘हे असं का?’ असा प्रश्न पडतो आणि व्हॉट्सॅपवरच्या गोष्टींनी समाधान होत नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. लागणारं सामान थोडं आहे: इंटरनेट, एक वही आणि अंगात जरा संशयी वृत्ती. लॅटिन-ग्रीक येत नसलं तरी अडत नाही.

उलट आपल्या गाठीशी एक गोष्ट आधीच आहे. नीलकंठ म्हणजे निळा आहे कंठ ज्याचा तो, बहुव्रीही समास. हे आपण मार्कांसाठी घोकलेलं असतं. इंग्रजी भाषाशास्त्राच्या पुस्तकांतही ‘बहुव्रीही’, ‘तत्पुरुष’, ‘द्वंद्व’ हे शब्द रोमन लिपीत जसेच्या तसे येतात. संस्कृत व्याकरणातून ते युरोपीय अभ्यासकांनी उचलले. म्हणजे हत्यार आपल्या हातात आहेच. फक्त ते चालवायची एक अट आहे: विग्रह आजच्या रूपाचा करायचा नाही, सापडेल त्या सगळ्यात जुन्या रूपाचा करायचा.

ही अट का, ते ‘शेमफेस्ड’ या एका शब्दावर सावकाश करून दाखवते. खजील, ओशाळलेला असा त्याचा आजचा अर्थ. काच फोडून आलेलं पोर दारात जसं उभं राहतं, तसा.

आधी स्वतःचा अंदाज वहीत लिहा

कोश उघडण्याआधी लिहा. नंतर लिहिलात तर ‘हे मला आधीपासून माहीतच होतं’ असं वाटायला लागतं, आणि आपण कुठे फसलो हे कधीच कळत नाही.

माझा अंदाज असा होता: शेम म्हणजे लाज, फेस म्हणजे तोंड, शेवटी ‘-एड’, लाज आहे तोंडावर ज्याच्या तो. नीलकंठसारखाच बहुव्रीही, तक्रारीला जागाच नाही.

इथे त्या ‘-एड’बद्दल थोडं सांगते, कारण नवखे हमखास तिथे अडखळतात. हे शेपूट दिसलं की भूतकाळ आठवतो. पण ‘ब्लू-आइड’मध्ये कोणी काही केलेलं नाही. ते ‘-एड’ म्हणजे ‘घाऱ्या डोळ्यांचा’ यातला ‘-चा’: अमुक गोष्ट जवळ असलेला. ‘काइंड-हार्टेड’, ‘टू-फेस्ड’ हे सगळे या साच्यातले. उलट ‘हाइडबाउंड’मधलं ‘बाउंड’ हे खरंच क्रियापदाचं रूप आहे, ‘बांधलेला’. तिथे विग्रह तृतीया तत्पुरुषाचा: कातड्यानं आवळलेला. आज हा शब्द जुन्या रीतीला चिकटून बसलेल्या हटवादी माणसाला लावतात, म्हणून चामड्याच्या बांधणीची जुनी पुस्तकं डोळ्यांसमोर येतात. सोळाव्या शतकात तो गुरांचा शब्द होता. उपासमारीनं किंवा आजारानं खंगलेलं, कातडं हाडाला चिकटलेलं जनावर म्हणजे हाइडबाउंड. विग्रह बरोबर आला तरी चित्र चुकू शकतं, ते असं.

कोणते कोश, कोणत्या क्रमानं

सुरुवात डग्लस हार्पर यांच्या ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरीपासून करा. फुकट आहे, सोपं आहे आणि दोन मिनिटांत रस्ता दाखवतं. पण तिथे थांबू नका. ते सारांश देतं, पुरावा दाखवत नाही.

पुराव्यासाठी ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश. त्याची पहिली पुस्तिका १८८४ साली निघाली आणि पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ उजाडलं. प्रमुख संपादक जेम्स मरे १९१५ सालीच वारले होते. शेकडो वाचकांनी जुनी पुस्तकं वाचून वाक्यं उतरवून पाठवली, आणि प्रत्येक अर्थाखाली ती सालवार लावली गेली. आपल्याला हवी आहे ती हीच सालवार रांग. ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी पडते; पण पहिल्या आवृत्तीचे खंड इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेले आहेत, आणि बहुतेक कामाला ते पुरतात.

शब्द इसवी सन १५०० च्या मागे जातो असं दिसलं की मिशिगन विद्यापीठाचा मिडल इंग्लिश कोश उघडायचा (साधारण ११०० ते १५०० हा काळ), आणि त्याच्याही मागे बॉसवर्थ-टोलरचा अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्रजीचा, कोश. दोन्ही फुकट आहेत. सैनिकी किंवा गल्लीतला शब्द असेल तर ग्रीनचा स्लँग कोश, तोही फुकट.

विक्शनरी मीही वापरते. पण तिथली व्युत्पत्ती दुसरीकडे पडताळल्याशिवाय वहीत चढवत नाही.

कोश वाचताना खुणांकडे लक्ष द्या. सालाच्या आधी बारीक ‘सी’ असेल तर ‘सुमारे’, बारीक ‘ए’ असेल तर ‘त्या सालापूर्वी’. शब्दावर कट्यारीची खूण म्हणजे तो वापरातून गेला. रूपाच्या डोक्यावर चांदणी म्हणजे ते कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलना करून मांडलं आहे. मिडल इंग्लिश कोशात बऱ्याचदा दोन सालं दिसतात. बाहेरचं हस्तलिखिताचं, कंसातलं मूळ रचनेचं. ज्ञानेश्वरीची एखादी जुनी पोथी आणि ज्ञानेश्वरांचा काळ यांत आपण जसा फरक करतो, तसाच इथेही करायचा: पोथीची नक्कल कधी झाली हे एक, ग्रंथ कधी रचला हे दुसरं.

पहिला दाखला म्हणजे जन्मतारीख नव्हे

आपल्याकडे आधीच्या पिढीतल्या किती जणांचा वाढदिवस कागदोपत्री १ जूनला असतो! मास्तरांनी शाळेत नाव घालताना टाकलेली तारीख. माणूस त्याआधी जन्मलेला असतो हे नक्की, पण हातात पुरावा तेवढाच. कोशातला पहिला दाखलाही तसाच समजा. शब्द निदान तेव्हा होता, एवढंच तो सांगतो. त्याआधी तो बोलण्यात किती वर्षं होता, हे त्यातून निघत नाही. उद्या कोणाला आणखी जुनं पान सापडलं की साल मागे सरकतं.

तरी या सालाचा एक उपयोग पक्का. शब्दाची म्हणून जी गोष्ट सांगितली जाते ती त्या सालानंतर घडलेली असेल, तर गोष्ट खोटी. पुढे काही तपासायची गरजच राहत नाही.

‘शेमफेस्ड’चा पहिला दाखला पडतो सोळाव्या शतकाच्या मध्याला. आणि त्याच नोंदीत कोश सांगतो की हे रूप ‘शेमफास्ट’ या आधीच्या शब्दावरून झालं आहे. माझा बहुव्रीही इथेच कोसळला. फेस मुळात नव्हताच, होतं ‘फास्ट’.

मागे मागे जात राहा

आता खरी मजा सुरू होते. ‘शेमफेस्ड’ बाजूला ठेवायचं आणि ‘शेमफास्ट’च्या मागे लागायचं.

चौदाव्या शतकाच्या शेवटी कवी चॉसरच्या कँटरबरी टेल्समध्ये वैद्याच्या तोंडची एक कथा आहे. त्यात व्हर्जिनिया नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीचं वर्णन येतं. एकाच ओळीत चॉसर विशेषण आणि त्याचं भाववाचक नाम दोन्ही वापरतो: ती ‘शेमफास्ट’ होती, कुमारिकेला शोभणाऱ्या ‘शेमफास्टनेस’नं. मुलीनं काहीच चुकीचं केलेलं नाही. चॉसर तिचं कौतुक करतो आहे. म्हणजे त्या काळी या शब्दात खजीलपणा नव्हता. विनय, मर्यादा, भीड होती. आपला ‘भिडस्त’ हा शब्द तिथे चपखल बसतो. (आणि हो, ‘भिडस्त’च्या शेवटी ‘स्त’ आहे, ‘फास्ट’च्या शेवटीही तसंच काही ऐकू येतं, म्हणून दोघांना भाऊ करायला धावू नका. नुसत्या कानाच्या साक्षीवर नातं जुळत नाही.)

आणखी पाचशे वर्षं मागे. नवव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडमधल्या वेसेक्सच्या आल्फ्रेड राजानं पोप ग्रेगरीचा धर्मगुरूंसाठीचा एक लॅटिन ग्रंथ जुन्या इंग्रजीत आणला. त्यातल्या एका प्रकरणाचा विषयच असा: ‘स्कामफॅस्ट’ माणसांना एका तऱ्हेनं शिकवावं, ‘स्कामलेआस’ माणसांना दुसऱ्या. दुसरा शब्द म्हणजे आजचा ‘शेमलेस’, निर्लज्ज.

हे वाक्य सापडलं की माझ्यासारखीला चहा घ्यायला उठावंसं वाटतं. कारण एका वाक्यात दोन शब्द समोरासमोर उभे आहेत: पूर्वपद एकच, उत्तरपदं विरुद्ध. एकाची लाज सुटलेली, दुसऱ्याची लाज घट्ट. ‘-लेस’ हे जर ‘विना’ असेल तर ‘-फास्ट’ हे त्याच्या उलट काहीतरी असलं पाहिजे, हे कोशानं न सांगताही दिसतं. जोडशब्दाचा अर्थ लावताना त्याचा विरुद्धार्थी जोडीदार शोधा, अशी माझी स्वतःची सवय याच शब्दापासून पडली.

प्रत्येक पदाला वेगळं विचारा, पण त्या काळात जाऊन

आता ‘फास्ट’ म्हणजे काय? आजचा अर्थ ‘वेगवान’. लाज वेगवान? काही जुळत नाही. इथे नवखे गोंधळतात आणि शोध सोडून देतात.

पण साडीच्या दुकानात जाऊन विचारा: ‘कलर फास्ट आहे ना?’ दुकानदार छातीठोक सांगतो, ‘एकदम फास्ट, ताई.’ तो वेगाबद्दल बोलत नाही. रंग पक्का आहे, पाण्यात सुटणार नाही, असं सांगतो. हाच ‘फास्ट’चा जुना अर्थ: घट्ट, पक्का, हलणार नाही असा. ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला, तोही हाच. ‘वेगवान’ हा अर्थ त्याच्याच पोटातून नंतर आला: घट्ट, मग जोरकसपणे, मग जोरात, मग भरभर. आपण नाही का म्हणत, ‘जोरात पळ’?

‘स्टेडफास्ट’ हा याच घरातला शब्द अजून जिवंत आहे. त्यातलं ‘स्टेड’ म्हणजे जागा. जागेवर पक्का, अढळ. ‘फार्मस्टेड’, ‘होमस्टेड’ यांत तेच ‘स्टेड’ भेटतं.

मग ‘शेमफास्ट’चा विग्रह काय? इथे कोशांत दोन मतं आहेत. एक: लाजेनं जखडलेला, म्हणजे तृतीया तत्पुरुष. दुसरं: लज्जेच्या ठायी दृढ, म्हणजे सप्तमी तत्पुरुष. मला दुसरं जास्त पटतं, कारण ‘स्टेडफास्ट’ची घडण तशीच आहे आणि चॉसरच्या मुलीला तेच शोभतं. पण वहीत दोन्ही लिहायचे, आणि आपलं मत ‘माझं मत’ म्हणूनच लिहायचं.

बहुव्रीही मात्र यातला एकही नाही.

मग तोंड चिकटलं कसं?

शब्द बदलला एवढं सांगून भागत नाही. का बदलला याचं कारण मिळतंय का ते बघायचं. इथे तीन कारणं एकत्र आलेली दिसतात.

एक तर ‘-फास्ट’ लावून नवे शब्द करण्याची रीत मागे पडली होती. ‘सूथफास्ट’ म्हणजे सत्यनिष्ठ, असे शब्द विस्मरणात चालले होते. प्रत्यय ओळखू येईनासा झाला की लोक त्याच्या जागी ओळखीचं काहीतरी बसवतात. दुसरं, लाज दिसते कुठे? तोंडावर. गाल लाल होतात, मान खाली जाते. तिसरं कारण उच्चाराचं. आज ‘फास्ट’ आणि ‘फेस्ड’ कानाला लांबचे वाटतात. पण सोळाव्या शतकात ‘फेस’मधला स्वर आजच्यासारखा ‘ए’ झालेला नव्हता, तो ‘आ’-‘ॲ’च्या जवळ होता, आणि ‘-एड’मधला स्वर गिळला की शेवटी ‘स्ट’च उरतो. दोन्ही शब्द जवळजवळ एकमेकांवर पडत होते.

याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. तिला मूर्खपणा समजू नका; ती सगळ्या भाषांत रोज चालते. इंग्रजांच्या भारतातल्या शब्दांचा जो प्रसिद्ध कोश १८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी काढला, त्याचं ‘हॉब्सन-जॉब्सन’ हे नावच तसं आहे. मोहरममधल्या ‘या हसन! या हुसेन!’ या आक्रोशाचं गोऱ्या सोल्जरांच्या कानानं केलेलं हे रूप. हॉब्सन आणि जॉब्सन ही त्यांना घरची आडनावं वाटली.

बदल लोकांच्या तोंडात किती रुळला होता, याचा छापील पुरावाही आहे. किंग जेम्स बायबलच्या १६११ च्या मूळ छपाईत तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, नवव्या वचनात, स्त्रियांच्या वेषाबद्दल बोलताना ‘शेमफास्टनेस’ आहे. पुढच्या छपायांमध्ये त्याच जागी ‘शेमफेस्डनेस’ छापलं जाऊ लागलं. १८८१ च्या सुधारित भाषांतरात पंडितांनी जुनं ‘शेमफास्टनेस’ परत आणलं. बोलणाऱ्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं; ते ‘शेमफेस्ड’च म्हणत राहिले. तोंड एकदा चिकटल्यावर अर्थही तोंडामागे गेला: विनयशील, मग लाजाळू, मग चूक केल्यावर तोंड लपवणारा.

जुन्या छापील पानांत शोधायचं असेल तर

गुगल बुक्समध्ये १७०० च्या आसपासचं ‘शेमफास्ट’ शोधायला गेलात तर फारसं हाती लागत नाही. कारण जुन्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ लांबोडका असे, थेट ‘एफ’सारखा दिसणारा. यंत्र तो ‘एफ’ म्हणूनच वाचतं. या शब्दात दोन ‘एस’ आहेत आणि दोन्ही लांबोडके, त्यामुळे यंत्राच्या लेखी तो होतो ‘फेमफाफ्ट’. तेच टंकून शोधा. हसू येतं खरं, पण पानंच्या पानं समोर येतात. हा लांब ‘एस’ १८०० च्या सुमारास छापखान्यांतून गेला. शब्दांची वारंवारिता दाखवणाऱ्या एनग्रामच्या आलेखात त्या सुमारास एखादा शब्द अचानक उसळी घेताना दिसला, तर तो लोकप्रिय झाला असं लिहून मोकळे होऊ नका. बहुतेक वेळा फक्त ‘एस’ बदललेला असतो.

१७०० पूर्वीच्या इंग्रजी पुस्तकांपैकी हजारो पुस्तकं माणसांनी हातानं टंकून मुक्त ठेवली आहेत, अर्ली इंग्लिश बुक्सच्या प्रकल्पात. तिथे ही अडचण येत नाही. तरी स्पेलिंगचे सगळे नमुने करून बघायचे: जोडचिन्हासह, जोडचिन्हाविना, दोन सुटे शब्द, शेवटी जादा ‘ई’, ‘आय’च्या जागी ‘वाय’, ‘यू’च्या जागी ‘व्ही’. जोडचिन्हावरून काहीच ठरवायचं नाही. ते छापणाऱ्याच्या मर्जीवर असायचं.

गोष्ट फार गोड असेल तर साल विचारा

आता माझा ‘स्कॉट-फ्री’. याच्या दोन गोष्टी फिरतात. एक मी सांगितलेली, चिकट स्कॉटिश माणसाची. दुसरी अमेरिकेतली: ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामानं स्वातंत्र्यासाठी खटला लढवला, तो सुटला, म्हणून ‘स्कॉट-फ्री’. दुसरी गोष्ट तर ऐकताच पटते. खटला खरा, माणूस खरा. पण सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १८५७ चा, आणि तोही त्याच्या विरुद्ध. शब्द मात्र जुन्या इंग्रजीतला, म्हणजे त्याहून सुमारे आठशे वर्षं आधीचा. एका सालानं गोष्ट निकालात निघाली.

जुनं रूप ‘स्कॉटफ्रेओ’. त्यातलं ‘स्कॉट’ म्हणजे कर, पट्टी, वर्गणी. राजाच्या करातून सूट मिळालेला तो स्कॉटफ्रेओ. पंचमी तत्पुरुष, ऋणमुक्तसारखा. कर न भरता सुटलेला, मग पैसे न देता सुटलेला, मग शिक्षा न होता सुटलेला; अर्थाची ही उतरंड दाखल्यांत सरळ दिसते.

पण ‘स्कॉट’ म्हणजे पट्टी, हे कसं? हा शब्द नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, भाषेतल्या ‘स्कोत’कडून आलेला, आणि त्याचा मूळ अर्थ फेकणं, मारणं. आपल्याला हे समजावून सांगावं लागू नये. गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली की काय म्हणतात? ‘काका, पाचशे टाका.’ पैसे टाकणं ते हेच.

इथे एक छोटा नियम लक्षात ठेवा, पुन्हा पुन्हा कामाला येतो. जुन्या इंग्रजीतल्या ‘स्क’चा पुढे ‘श’ झाला. नॉर्सहून आलेल्या शब्दांत ‘स्क’ तसाच राहिला. म्हणून ‘शर्ट’ घरचा आणि ‘स्कर्ट’ उत्तरेकडून आलेला, दोघे सख्खे. तसाच ‘स्कॉट’चा घरचा भाऊ ‘शॉट’. गुत्त्यातल्या बिलालाही एके काळी ‘शॉट’ म्हणत. शेक्सपिअरच्या चौथ्या हेन्रीवरच्या नाटकाच्या पहिल्या भागात, जे १५९८ साली छापलं गेलं, फॉलस्टाफ रणांगणावर उभा राहून म्हणतो की लंडनमध्ये मी ‘शॉट-फ्री’ निसटलो, पण इथल्या ‘शॉट’ची मला भीती वाटते. एक शॉट उधारीचा, दुसरा बंदुकीचा. हा विनोद प्रेक्षकांना कळत होता, यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

आपल्याकडची पदं

कधी कधी इंग्रजी वाटणाऱ्या शब्दात आपलंच पद निघतं. ‘डूलॅली’ म्हणजे डोकं फिरलेला, हे विशेषण ब्रिटनमध्ये आजही ऐकू येतं. पूर्वी तो जोडशब्द होता, ‘डूलॅली टॅप’. नाशिकजवळची देवळाली म्हणजे ब्रिटिश फौजेची छावणी; मुदत संपलेले शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे पडून राहायचे. उन्हाळा, रिकामपण आणि वाट बघणं. त्यातून जे व्हायचं त्याला त्यांनी नाव दिलं देवळालीचा ताप. सरळ षष्ठी तत्पुरुष. ‘टॅप’ म्हणजे हिंदुस्थानी ‘तप’, आपला ताप. पुढे ताप गळाला आणि नुसती देवळाली विशेषण होऊन बसली.

अशा शब्दाला दोन्ही बाजूंनी तपासायचं: इंग्रजीसाठी स्लँग कोश, आपल्या बाजूला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, सुधारित १८५७, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो) आणि कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्ति कोश. जाता जाता, लॅटिनमार्गे इंग्रजीत गेलेला ‘टेपिड’, म्हणजे कोमट, हाही आपल्या तापाच्याच गोतावळ्यातला.

वहीतली नोंद

माझ्या वहीत एका शब्दाला एक पान. वर आजचं रूप आणि अर्थ. खाली पहिला अंदाज, चुकला असला तरी न खोडता. मग सालवार रूपं, प्रत्येकासमोर कुठे सापडलं ते. मग जुन्या रूपाचा विग्रह. उजवीकडे तीनपैकी एक शेरा: ‘पक्कं’, ‘बहुधा’ किंवा ‘नुसतं ऐकीव’. ‘स्कॉट-फ्री’च्या पानावर स्कॉटलंडची माझी तळटीप ‘नुसतं ऐकीव’ या शेऱ्यासह तशीच आहे.

हात बसावा म्हणून एक शब्द तुमच्यावर सोडते: ‘स्ट्रेट-लेस्ड’, सोवळ्या वृत्तीचा, नीतीच्या बाबतीत फार कडक. पहिला अंदाज ‘सरळ’ असा येईल, आणि आजकाल बरेच जण स्पेलिंगही तसंच करतात. ते खोडू नका, वहीत राहू द्या. मग भूगोलाच्या पुस्तकातली पाल्कची सामुद्रधुनी आठवा, तिला इंग्रजीत काय म्हणतात ते बघा, आणि सोळाव्या शतकातल्या बाईची चोळी पाठीमागून नाडीनं कशी आवळत असत याचं एखादं चित्र शोधा.